साडूंचं भरदुपारचं फूल

फुलांचे फोटो कसे काढावेत हे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकट्या मला कळतं. भर दुपारी फुलाला कॅमेरा लावणं म्हणजे झोपेतून उठवलेल्या पाहुण्याचा पासपोर्टचा फोटो काढणं. सावल्या काळ्याकुट्ट, पाकळ्या पांढऱ्याफटक. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलेलं आहे, न विचारता.

आणि आमच्या साडूंनी भर दुपारी, साध्या मोबाइलवर, लाल पॉपीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. साडू दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावणारा माणूस, जेवणाच्या सुट्टीत बागेत गेला, फुलामागून ऊन घेतलं आणि मोकळा झाला. पाकळ्या नुसत्या पेटल्या होत्या. सासूबाईंनी लिहिलं, "जावई असावा तर असा." मीही त्यांचा जावईच आहे.

माझा असा जळफळाट झाला की रविवारी ऐन दुपारी मी कॅमेरा घेऊन त्याच बागेत गेलो. बेत पक्का होता. फुलांवर पांढरी चादर धरायची, म्हणजे ऊन गाळून येतं. चादर धरायला बायको. दुसरी बाजू धरायला तिने परस्पर साडूंनाच बोलावून ठेवलं होतं. ते हसतमुखाने उभेच होते. उन्हाकडे तोंड करून काढून बघा, असं सुचवू लागले. मी म्हटलं, तुम्ही दातांचं बघा.

मी वाफ्याशेजारी उताणा पडलो. तेवढ्यात साडूंना पेशंटचा फोन आला आणि ते बाजूला गेले. बायकोच्या एकटीच्या हातात चादर राहीना. चादर माझ्यावर पडली, डोक्यापासून घोट्यापर्यंत, आणि एक पॉपी माझ्यासोबत आत आली. आतला उजेड काय मऊ होता! मी बायकोला सांगितलं, राहू दे. ती पाणी प्यायला गेली आणि मी श्वास रोखून निश्चल पडलो.

वाटेने जाणाऱ्या एका आजींना पांढरी चादर आणि बाहेर आलेले बूट तेवढे दिसले. त्यांनी हाकाटी केली. माणसं जमली. कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे गेला बिचारा. ऐन वेळी फूल डुललं. मी चादरीखालून दरडावलं, "हलायचं नाही."

सगळे जागच्या जागी थिजले. मग कुणीतरी ओरडलं की जीव आहे अजून, आणि माळ्याने झाडांना पाणी घालायची नळी माझ्यावर सोडली.

चादर डोक्यावर, कॅमेऱ्यातून पाणी गळतंय, अशा अवस्थेत मी उठून बसलो. बायको धावत आली. साडूही धावत आले. आधार देतील म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी मोबाइल काढला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो ग्रुपवर होता. मागून ऊन, केसांवर थेंबांची झळाळी, भोवती लाल पॉपी. चूक शोधायला मी तो मोठा करकरून पाहिला. सापडली नाही. ग्रुपवर मी 'बरा आहे' एवढंच लिहिलं. मग हळूच एकट्या साडूंना मेसेज केला: माझा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नाही, मोठ्या साइजमध्ये पाठवाल का, कुणाला सांगू नका.

त्यांनी लगेच पाठवला. ग्रुपवर, माझ्या मेसेजसकट.