पास्कलच्या गोठ्यातली शिशाची भट्टी

नाताळात आमच्या वाडीतली ख्रिस्ती घरं दाराबाहेर गोठा मांडतात. गवत, गाय, मेंढरं, मधे बाळ येशू. शेजारच्या पास्कलच्या गोठ्यात त्या बाळाच्या डोक्यावर डोंगर असतो आणि डोंगरावर शिसं गाळायची भट्टी. का, ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं आणि माझी डाळ करपली.

पास्कलचा जन्म गेला ठाकूरद्वारच्या एका कारखान्यात, छापखान्यातल्या अक्षरांचे शिशाचे खिळे ओतण्यात. कारखाना केव्हाच बंद झाला, पण याच्या डोक्यातून शिसं काही उतरलं नाही. कोणी शेगडी पेटवली की हा दारात उभा. "वारा कुठून येतो, बाय?" माझ्या नातीच्या लग्नात आचाऱ्यालाही त्याने हेच विचारलं. पंगत तासभर खोळंबली.

दर वर्षी भट्टी बदलते. पहिल्यांदा माथ्यावर नुसता दगडांचा खळगा होता. म्हणे जुनी माणसं त्यात लाकडं आणि शिशाचे दगड रचून वारा सुटायची वाट बघायची. पुढच्या नाताळात भाता आला. मग भाता हलवायला पाणचक्की आली आणि तिचं पाणी माझ्या उंबऱ्यात आलं. त्यानंतर बंद भट्टी. विस्तव एका कप्प्यात, दगड दुसऱ्यात, मधून फक्त ज्वाळा जाणार. चर्चची माणसं सजावटीचं बक्षीस घेऊन येतात, सांगतात, भट्टी काढ, बक्षीस तुझंच. हा त्यांनाही वाऱ्याचं विचारतो.

यंदा धुराडं आलं. उभं नाही, आडवं. डोंगरावरून उतरून गॅलरीतून सरपटत थेट माझ्या दारापर्यंत. आत उदबत्त्या. सगळा धूर माझ्या स्वयंपाकघरात, राख उंबऱ्यात.

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. म्हटलं, तोड हे, नाहीतर मी तोडते.

"आखूड करून नाय चालत, बाय. धुरात शिसं असतं. माणसाला ते लय उशिरा कळलं. मग डोंगरभर लांब धुराडी बांधली."

मी म्हटलं, मातीच्या मेंढरांना काय होतंय रे धुराने?

त्याने भट्टीच्या पायथ्याची मातीची बाई दाखवली. हिरवं लुगडं, मांडीवर ताट. दर वर्षी मी तिला मेंढपाळाची बायको समजत आले. ती रोझी, त्याची गेलेली बायको. त्याच कारखान्यात वितळलेल्या शिशाच्या कढईशेजारी बसून खिळे निवडायची. शेवटी तिला जिना चढवेना, तेव्हा पेज मीच नेऊन देत होते.

"तिथे धुराडं नव्हतं," पास्कल म्हणाला. "मी ओतत होतो आणि ती धुरात बसत होती."

मी माझी तुळशीची कुंडी उचलून जिन्यापाशी ठेवली आणि धुराडं कठड्याबाहेर निघेल एवढी वाट करून दिली. मग त्याला पुन्हा उदबत्ती लावायला सांगितली.

धूर रस्त्याकडे गेला. पास्कल मात्र खाली वाकून त्या मातीच्या बाईच्या नाकाशी तळहात धरून बसला होता.

"येत नाही तिथे धूर," मी म्हटलं. "ऊठ आता, माझा उंबरा पुस."