मार्लिस ओडेगार्ड यांची अत्यंत समाधानकारक हार्ड डिस्क

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, अमेरिकेतल्या टॅमरॅक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतल्या दफनभूमी नोंद विभागात, लॅपटॉपमधून 'टिक' असा आवाज आला. या विभागात एकच कर्मचारी होत्या, मार्लिस ओडेगार्ड, वय सत्तावन्न. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पायाशी ठेवलेल्या हीटरकडे. बाहेर पारा उणे चोवीसवर होता, आणि मिनेसोटात अशा दिवशी कुठलीही वस्तू कुरकुरते. पण दुसऱ्यांदा 'टिक' झालं तेव्हा पडद्यावरचा नकाशा सहाव्या रांगेपर्यंत उघडला आणि तिथेच थिजला.

नकाशा गावाबाहेरच्या जुन्या लूथरन दफनभूमीचा होता. तिथलं चर्च १९६१ साली जळालं आणि दफनांची वहीही त्याबरोबर गेली. लाकडी क्रूस हळूहळू कुजून गेले. कोण कुठे पुरलंय हे फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरलं. मार्लिसबाईंनी अकरा वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून, त्यांची पाणचट कॉफी पिऊन, एकेक जागा जुळवत नकाशा केला होता. एक म्हातारी सोडली तर ते सगळे आता त्याच नकाशात राहायला गेले होते. हाताने लिहिलेली टिपणं होती, ती 'कागदमुक्त कचेरी सप्ताहा'त हिरवी फीत कापून कागद फाडणाऱ्या यंत्रात घालण्यात आली. सर्व्हरवर जागा नव्हती आणि लॅपटॉपची पेनड्राइव्हची भोकं सुरक्षेच्या कारणास्तव डिंकाने बुजवलेली होती. थोडक्यात, नकाशा त्या एका हार्ड डिस्कवर होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

नवव्या रांगेत इडा हॉगेन यांची मुलगी होती. ती १९५८ साली जन्मली आणि तीन दिवस जगली. इडाबाई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्याशी पुढच्या हिवाळ्याबद्दल काही बोलत नव्हते. त्यांना मुलीच्या शेजारची जागा हवी होती, बाकी काही नको होतं. मार्लिसबाईंनी त्यांना शब्द दिला होता, "बर्फ वितळलं की मी स्वतः तुम्हाला नेऊन जागा दाखवीन."

मार्लिसबाई उठून डेरिककडे गेल्या. डेरिक हा काउंटीचे संगणक दुरुस्त करणारा, आणि तो त्यांच्यापासून बारा फुटांवर बसत असे.

"डेरिक, तुला त्रास द्यायचा नव्हता रे, पण जरा याला कान लावतोस?"

डेरिकने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "मार्लिस, डिस्क चाललीय तुमची. आधी बंद करा. जितक्या वेळा चालू कराल तितकी लवकर मरेल. धुगधुगी आहे तोवर बाहेर काढू आणि सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेऊ. बदलायला बारा मिनिटं, उतरवायला एक दुपार." त्याने खण उघडून नवी कोरी डिस्क दाखवली.

"मग काढ ना!"

"तक्रार टाका आधी. तक्रार नसताना मी स्क्रू फिरवला, तर तो स्क्रू फिरलाच नाही असं धरतात."

"कुठून टाकू तक्रार?"

"लॅपटॉपवरून."

"जो तू आत्ता बंद करायला सांगितलास?"

"तोच. तुमचं खातं त्याच यंत्राला बांधलंय ना. सुरक्षा."

काखेत कळसा होता, पण गावाला वळसा घालणं सक्तीचं होतं. मार्लिसबाईंनी लॅपटॉप चालू केला. तक्रारीच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता: 'आपले यंत्र चालू आहे की बंद?' 'मरायला टेकलं आहे' असा पर्याय नव्हता. बंद यंत्रावरून अर्ज भरता येत नाही हे उघड होतं, आणि मार्लिसबाई सरळमार्गी बाई. त्यांनी 'चालू' निवडलं. चार मिनिटांत उत्तर आलं: 'आपले यंत्र चालू असल्याबद्दल अभिनंदन. तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपल्या समाधानासाठी तारे द्यावेत.' खाली पाच रिकामे तारे आणि वर डेरिकचं नाव.

इथे मिनेसोटाच्या माणसाचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. चर्चच्या तळघरातल्या जेवणात कुणी बटाट्याचा पदार्थ करपवून आणला, तर इथला माणूस दोनदा वाढून घेतो आणि कृती लिहून मागतो. पायावर कुणी पाय दिला तर "माफ करा" असं ज्याचा पाय चेचला तो म्हणतो. मार्लिसबाईंनी बारा फुटांवर पाहिलं. डेरिक त्यांच्याकडे पाहून कसंनुसं हसला.

"चार दिले तर चालतील का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"चार म्हणजे नापास, मार्लिस. दोनदा चार आले की सुधार प्रशिक्षण आणि तिसऱ्यांदा घरी. मेमध्ये आम्हाला जुळी होणार आहेत आणि आमचा दवाखान्याचा विमा या नोकरीवर आहे. पण तुम्ही माझा विचार करू नका हं. तुम्हाला वाटेल ते द्या."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मार्लिसबाईंनी पाच तारे दिले आणि लॅपटॉपने एक 'टिक' केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फेरतक्रार केली. उत्तर आलं की पूर्ण समाधान झालेल्या तक्रारदारास त्याच विषयावर असमाधानी होता येत नाही. तेव्हा त्यांनी विषय बदलून 'आवाज' या सदराखाली नवी तक्रार टाकली. या सदराखाली प्रत्यक्ष पाहणी होते. डेरिक रीतसर पाहणीला आला, म्हणजे बारा फूट चालला. त्याने लॅपटॉपवर डोकं टेकवलं, अर्जात 'आवाज ऐकला' असं लिहिलं आणि उठला.

"आता काढ की!"

"'आवाज' या सदरात मला फक्त ऐकण्याचे अधिकार आहेत, मार्लिस. मनापासून ऐकला मात्र." त्याचे डोळे खरोखर ओलावले होते.

एवढ्या मनापासून ऐकणाऱ्याला कमी तारे द्यायचे कसे? त्यांनी पुन्हा पाच दिले. त्या दिवशी नकाशा चौथ्या रांगेपर्यंतच उघडला.

तिसरी तक्रार 'भविष्यातील संभाव्य बिघाड' या सदराखाली गेली आणि भविष्यात पाठवण्यात आली. तिलाही पाच तारे मिळाले, कारण त्या आठवड्यात डेरिकने त्यांच्या गाडीवरचं बर्फ न सांगता खरवडून दिलं होतं. दर आठवड्याला इडाबाईंचा फोन येई.

"मार्लिस, घाई नाही हं पोरी. सहज केला फोन. तुझं आपलं बरं चाललंय ना?"

"छान चाललंय, मिसेस हॉगेन. थोडं यंत्राचं काम आहे, इतकंच."

"बरं बरं. माझं काय, मी कुठे जातेय? म्हणजे, जातेयच म्हणा." आणि त्या हसत.  तीन दिवसांच्या लेकराची जागा मार्लिसबाईंनी शब्द देऊन सांभाळायला घेतली होती आणि ती त्यांच्या हातून रोज थोडी थोडी निसटत होती. पण हे ओरडून सांगायचं म्हणजे समोरच्याला वाईट वाटणार, आणि समोरच्याला वाईट वाटू देणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मार्चच्या अखेरीस कचेरीच्या प्रमुख शेरिल लुंड यांनी सगळ्यांना सभाखोलीत बोलावलं. मेजावर किराणा दुकानातला भला मोठा चौकोनी केक होता. त्यावर निळ्या साखरेत लिहिलं होतं: 'शंभर टक्के समाधान'.

"एकाच लॅपटॉपबद्दल सलग तीनदा पाच तारे!" शेरिल म्हणाल्या. "असं काउंटीच्या इतिहासात झालेलं नाही. त्यामुळे मार्लिसचा लॅपटॉप सर्वांत भरवशाचं यंत्र ठरला आहे आणि त्याचं आयुष्य तीन वर्षांनी वाढवण्यात आलं आहे. आणि डेरिकच्या खणातली ती जादा डिस्क गरज नसल्यामुळे परत पाठवली आहे. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मार्लिसबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भर सभेत नाराजी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, "केक सुंदर आहे. फक्त ती डिस्क थोडीशी मरतेय."

सगळे खदखदून हसले. "आमची मार्लिस म्हणजे ना!" शेरिल म्हणाल्या आणि केक कापायची सुरी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी चाळीस सारखे तुकडे केले आणि कोपऱ्यातला जास्त साखरेचा डेरिकला दिला.

एप्रिलच्या नऊ तारखेला डिस्क मेली. आणि मग मात्र काउंटीची व्यवस्था विजेसारखी धावली, कारण 'बंद' हा पहिल्या प्रतीचा बिघाड होता. तक्रार शेरिल यांनी स्वतःच्या यंत्रावरून टाकली. नवी डिस्क दुसऱ्याच सकाळी आली. डेरिकने लॅपटॉप उताणा ठेवला, दहा स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत टाकले, जुनी डिस्क अलगद बाहेर ओढली, नवी बसवली. बरोबर बारा मिनिटं लागली. लॅपटॉप नव्या नवरीसारखा लाजत उघडला. आत काहीच नव्हतं.

"आणि ही जुनी?" मार्लिसबाईंनी विचारलं. "शहरात लोक असतात म्हणे, मेलेल्या डिस्कमधून काढून देणारे."

"असतात. निघालंही असतं कदाचित." डेरिक मान खाली घालून म्हणाला. "पण काढलेली डिस्क त्याच दिवशी चुऱ्याच्या गाडीत जाते. आतली माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून."

खिडकीखाली गाडी उभी होती. डिस्कचा चुरा व्हायला नऊ सेकंद लागली. माहिती कुणाच्याही हाती लागली नाही, इडा हॉगेन यांच्यासुद्धा.

मार्लिसबाई जागेवर परतल्या तेव्हा नव्या कोऱ्या पडद्यावर पहिलाच संदेश आला होता: 'हार्ड डिस्क बदलण्याच्या सेवेबद्दल तारे द्यावेत.' त्यांचे कान तापले. त्यांनी एक तारा दाबला. खाली एक चौकट उघडली: 'असमाधानास जबाबदार व्यक्तीचे नाव यादीतून निवडा.' यादीत एकच नाव होतं. नियमाचं नाव नव्हतं, अर्जाचं नव्हतं, निळ्या साखरेचं नव्हतं. बारा फुटांवर डेरिक पोटातल्या जुळ्यांचं छायाचित्र भिंतीला चिकटवत होता. मार्लिसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दाबलेला एक तारा पुसला आणि पाच दिले.

बर्फ वितळलं. मार्लिसबाई इडाबाईंना दफनभूमीवर घेऊन गेल्या आणि चिखलात उभं राहून त्यांनी सगळं खरं सांगितलं.  मग इडाबाई काठी टेकत ओल्या गवतातून चालल्या, दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. एके ठिकाणी थांबून त्यांनी बुटाच्या टोकाने जमीन चाचपली.

"तेव्हा इथे एक बर्च होता वाटतं. की तो पलीकडे?" त्या म्हणाल्या. "सहासष्ट वर्षं झाली गं. मी तेव्हा खाली मान घालून रडत होते, झाड कोण बघतंय." त्यांनी तिथेच काठी रोवली. "असू दे. इथेच घाल मला. ती आसपासच आहे. ओरडून बोलू आम्ही."

मार्लिसबाईंना रडू आवरेना. पण काउंटीच्या प्रत्येक अभ्यागताला अभिप्रायाची चिठ्ठी देणं बंधनकारक होतं. त्यांनी ती पुढे केली, सोबत पेन्सिल. "मिसेस हॉगेन, माझी शपथ आहे तुम्हाला. खरं ते लिहा."

इडाबाईंनी चष्मा चढवला, गाडीच्या टपावर चिठ्ठी ठेवून एकेक तारा नीट रंगवला आणि परत दिली. पाचही काळे होते.

"अहो, मी तुमच्या लेकीची जागा हरवली!"

"मग काय झालं? खरं लिहिलं असतं तर तुला लागलं असतं की," इडाबाई म्हणाल्या. "आणि तुझ्याऐवजी नवी कुणी आली असती, तिला माझी कॉफीसुद्धा प्यायची सवय नसती."

त्या वर्षी टॅमरॅक काउंटीचं समाधान पुन्हा शंभर टक्के भरलं आणि केक मार्चमधल्यापेक्षा मोठा आला. इडाबाई जूनमध्ये गेल्या. काठी रोवली होती तिथेच त्यांना पुरलं. मुलगी त्यांच्यापासून किती फुटांवर आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे वाचून ज्यांना मार्लिसबाईंचा राग आला, त्यांचा राग अगदी रास्त आहे. त्यांनी आता फक्त आपला मोबाइल उघडावा आणि गेल्या महिन्यात गार झालेलं जेवण, चुकीच्या गल्लीत सोडून गेलेली गाडी आणि उसवलेला शर्ट यांच्यापुढे आपण किती तारे दाबून आलो, ते मोजून पाहावं.