गबाजी अस्वलाच्या सेटमध्ये आधी काय बदलायचं?

एका जंगलात, मुलांनो, वीज येऊन पोहोचली होती आणि रस्ता अजून यायचा होता. तिथल्या एका गुहेत गबाजी नावाचं अस्वल आणि त्याची बायको ठकूबाई राहत असत.

गबाजीकडे गाणी ऐकायचा सेट होता. एक रेकॉर्ड प्लेअर, एक अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. आणि ठकूबाईकडे एक रेकॉर्ड होती. गबाजीनेच ती तिला मोठ्या हौसेने आणून दिली होती.

रेकॉर्डवर काजव्याचं गाणं होतं. आईची चूल विझते, म्हणून एक छोटा काजवा सूर्याकडे विस्तव मागायला निघतो. ठकूबाई लहान असताना तिची आई हे गाणं म्हणायची. पण दुसऱ्या कडव्यालाच ठकूला झोप लागायची. त्यामुळे काजवा परत आला की नाही, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

आता तरी कळायला हवं होतं, नाही का?

पण गबाजी पहिलं कडवं झालं की सुई उचलायचा.

"ऐकलंस? उजव्या स्पीकरमध्ये घरघर आहे."

"असू दे हो. पुढचं लावा."

"असं कसं असू दे? तुझं लाडकं गाणं तू घरघरीसकट ऐकणार? मी जिवंत असताना?"

मग तो पुन्हा पहिल्यापासून लावायचा. स्पीकरला नाक टेकवून, डोळे मिटून ऐकायचा. घरघर असायचीच. सुई पुन्हा वर. सुईला हात लावायचा तो फक्त गबाजीने, असा घरातला नियम होता.

त्या सोमवारी ठकूबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. मोहाची फुलं गळेपर्यंत ती परत यायची नव्हती.

"जायच्या आधी एकदा ते गाणं पुरतं ऐकवाल का?" तिने विचारलं.

गबाजीचा जीव कळवळला. त्याने कड्यावरचं एक अख्खं पोळं काढून आणलं. नदीकाठी माकडांचं दुकान होतं. तिथे एका पोळ्याला सेटचा एक भाग बदलून मिळे. एकच. आता कोणता?

मुलांनो, तुम्ही असता तर दुकानात जाऊन विचारलं असतं. गबाजीने तज्ज्ञ बोलावले.

रविवारी दुपारी हत्तीदादा आले. ते गुहेत मावेनात, म्हणून त्यांनी नुसता एक कान आत घातला.

"स्पीकर बदल," ते म्हणाले. "ढोल वाजला की पोटात हललं पाहिजे. माझ्या पोटात काहीच हललं नाही."

"दादा, तुमच्या पोटात हलायला दरड कोसळावी लागेल," छताला उलटे लटकलेले वाघळे मास्तर म्हणाले. "दोष सुईत आहे. बारीक आवाज येतच नाहीत. गाणारी बाई दुसऱ्या ओळीत तीनदा पापण्या मिटते. ते मला ऐकू आलं नाही."

मुंगूसभाऊंनी सेटच्या मागे जाऊन सगळ्या वायरी एकेक करून दातांनी तपासल्या होत्या. "वायरी बदला," ते तोंड पुसत म्हणाले. "या तर आता बदलाव्याच लागतील."

"घरघर नेमकी कधी येते?" हत्तीदादांनी विचारलं.

"मी नीट ऐकायला लागलो की येते," गबाजी म्हणाला.

त्याने रेकॉर्ड लावली. स्पीकरला नाक टेकवलं. घरघर आली. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग वाघळे मास्तर हत्तीदादांना "ढोलबहिरे" म्हणाले, हत्तीदादांनी रागाने कान बाहेर ओढला, आणि "अहो, भांडू नका, पाहुणे ना तुम्ही!" असं म्हणत गबाजी त्यांच्यामागे धावला. मास्तर आणि मुंगूसभाऊही गेले.

सुई उचलायची राहिली.

ठकूबाई हातातलं गाठोडं सोडून खाली बसली. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. घरघर कुठेच नव्हती. ठकूबाईला क्षणभर नवल वाटलं, पण तेवढ्यात काजवा सूर्याच्या दाराशी पोहोचला होता. मग तिसरं कडवं आलं. मग चौथं.

गबाजी धापा टाकत आत आला, तेव्हा ती डोळे पुसत हसत होती.

"अरे देवा! सुई राहिली! झिजली का?"

"मी ऐकलं. शेवटपर्यंत."

"आणि घरघर?"

"ती तुमच्या नाकाची आहे हो. तुम्ही बाहेर गेलात, तीही गेली."

गबाजीने नाकाला हात लावला. मग लग्नापासून पहिल्यांदाच त्याने गाण्याबद्दल विचारलं, "काजवा आला का गं परत?"

"बसा तिकडे दारात. ऐकवते."

तो लांब, दारात बसला. ठकूबाईने नियम मोडून स्वतः सुई ठेवली. गबाजी मान डोलवू लागला. एक कडवं झालं, दोन झाली, तीन झाली. चौथं सुरू होणार, तोच बाहेरून हत्तीदादांची हाक आली.

"गबाजी! एकमत झालं! आधी काय बदलायचं ते ठरलं!"

"काय?" गबाजी ताडकन उठला.

"गुहा!" तिघे एका सुरात ओरडले.

"अगं, एवढं ऐकून आलोच," असं म्हणून गबाजी गेला.

"सावकाश या," ठकूबाई म्हणाली. "सगळ्यांचं नीट ऐकून घ्या." आणि तिने रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

सोमवारी ती गाणं गुणगुणत माहेरी गेली. गबाजी तेव्हा डोंगरामागच्या अकराव्या गुहेत उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि तज्ज्ञ प्रतिध्वनी मोजत होते. काजव्याचं काय झालं, हे त्याला अजून ठाऊक नाही.

तात्पर्य : सेटमध्ये काय बदलायचं, हे तज्ज्ञांना जरूर विचारावं, आणि सगळ्यांना एकदमच विचारावं. तेवढ्या वेळात घरात कुणाला तरी गाणं ऐकता येतं.