आधी वाटाण्याचं पान

"सूनबाई, आदी वाटान्याला टाक. त्याचं तोंड गुतलं की मग बाकीच्यान्ला. उलटं करू नको."

सासऱ्यांनी बाजेवर पडल्या पडल्या सांगितलं. मी "हो मामा" म्हटलं आणि मनात म्हटलं, बघू.

कारण मी बी.एस्सी. आहे, तीही होम सायन्सची, आणि माझा विषय आहारशास्त्र. शिवाय मला दिशा आहे. ही अडीच वर्षांची मुलगी वरणभाताचा एक घास गालात धरून अख्खी सकाळ काढू शकते. तिला जी बाई रोज जेवू घालते, ती हत्तीला, उंटाला, लग्नात रुसलेल्या मावशीला, कुणालाही जेवू घालेल. तीन घोड्यांचं काय एवढं!

आमचं गाव कर्जत तालुक्यात. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, धंदा नवरदेवाच्या घोडीचा. पैंजण ही त्यांची पांढरीशुभ्र घोडी. आसपासचे निम्मे नवरे तिच्या पाठीवरून मांडवात गेलेत. चातुर्मासात लग्नं थांबली की तिला सुट्टी. मग ती घरामागच्या कुंपण घातलेल्या गवताच्या रानात मोकळी असते. सोबतीला शेजारच्या वाल्मिक भाऊजींची रोशनी घोडी आणि त्यांचंच वाटाणा नावाचं तट्टू. हा जत्रेत पोरांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारतो. उंचीला माझ्या खांद्याला लागत नाही, पण पोट असं की समोरून पाहिलं तर आधी पोट येतं आणि मागून वाटाणा.

एरवी तिघांना मामाच खाऊ घालतात. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: धूळ नको, वाकणं नको, रानात जाणं नको, काळा गॉगल काढायचा नाही; नाहीतर डोळा जाऊ शकतो. मामांनी फक्त विचारलं, "मग पैंजणला कोन बघल?"

मी बघेन म्हटलं. पैंजण पोटभर खातेय याची खात्री असेल तरच हा माणूस बाजेवर राहणार, हे मला कळून चुकलं होतं. ती उपाशी आहे असं नुसतं कानावर आलं, तर डॉक्टर आणि डोळा दोघांना सोडून ते रानात जाणार.

तेव्हा पहिल्याच दिवशी मी तीन घमेली ओळीने मांडली, पंगतीत पानं मांडतात तशी. भिजवलेला हरभरा आणि कोंडा, सगळ्यांना सारखा. वाढायला सुरुवात पैंजणपासून, कारण तीच सगळ्यात रोड. आहारशास्त्र तेच सांगतं.

वाटाण्याने आहारशास्त्र वाचलेलं नव्हतं. त्याने कान मागे पाडले आणि पैंजणकडे नुसतं बघितलं. डीजेच्या भिंतीसमोर जिची पापणी हलत नाही, ती घोडी घमेलं सोडून निघाली! ती गेली रोशनीच्या घमेल्यावर, रोशनी गेली वाटाण्याच्या. तेवढ्यात वाटाण्याला वाटलं, शेजारच्या पानात काहीतरी जास्त वाढलंय. तो सरकला. तो सरकला म्हणून सगळे सरकले. संगीतखुर्चीच सुरू झाली, आणि दर फेरीला रिकाम्या घमेल्यासमोर उभी कोण, तर पैंजण. मी मधे पळत होते आणि "अगं तू का उठलीस, बस ना" असं घोडीला सांगत होते.

घरी आले तर मामांनी खाल्लं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. कुणीतरी खाल्लंच होतं.

"आबा, वातूने शगलं खाल्लं," कडेवरची दिशा म्हणाली. "पैंजन उपाची."

मामांचे पाय चपला शोधायला लागले. मी घाईघाईने सांगितलं की तिला अजून नावं नीट येत नाहीत, उलटसुलट करते, आणि तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. ते तिने लगेच गालात ठेवलं.

मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. दिशाला भरवताना मी चिमणी दाखवते आणि घास आत सरकवते. वाटाण्याला चिमणीत रस नव्हता, भाकरीत होता. त्याला भाकरी दाखवत रानाच्या पार टोकाला लिंबाखाली न्यायचं, तुकडा तुकडा भरवत राहायचं, आणि तेवढ्यात मागे दोघींचं निवांत आटपायचं. चाललं की हो! थोड्याच दिवसांत पैंजणच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. मी मामांना रोज ऐकवायला लागले आणि ते गॉगलमागून समाधानाने हसायला लागले.

अडचण एकच झाली. भाकरी कमी पडायला लागल्या. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला टोपल्यातून भाकरी उचलून पदराआड नेताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरीला तूप लागायला लागलं. मग शेंगदाण्याचे लाडू आले. मग गल्लीतल्या बायका मला जड उचलू देईनात. मला वाटलं, घोडी सांभाळते म्हणून कौतुक चाललंय. तूप, लाडू सगळं मी इमानदारीत वाटाण्याला पोचवत होते.

वाटाण्याला त्याची इतकी चटक लागली की एका दुपारी त्याने माझी वाट बघितली नाही. वाल्मिक भाऊजींनी रानाचं फाटक नुसतं लोटून ठेवलं होतं. आम्ही ताटं घेत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक तपकिरी तोंड आत आलं आणि भाकरीच्या टोपल्यात गेलं. आत्याबाई लाटणं घेऊन उठल्या. मग मला सगळं सांगावं लागलं.

"म्हंजी, तुला दिवस गेल्यात तसं काय न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही हो, आत्याबाई."

"आन् लाडू?"

आम्ही दोघींनी वाटाण्याच्या पोटाकडे पाहिलं.

आत्याबाई खाली बसल्या. मला हसू आलं आणि त्याच क्षणी लक्षात आलं. एवढ्या गोंधळात ओसरीवरून मामांचा आवाज कसा नाही? जाऊन बघते तर बाज रिकामी.

दिशाला उचललं आणि रानाकडे पळाले. लिंबाखाली मामा मांडी घालून बसले होते. पैंजण त्यांच्या ओंजळीतून हरभरा खात होती.

"मामा, डोळा!"

"गॉगल हाय की."

"कपाळावर आहे."

"त्यातून तिचं प्वाट दिसंना गं. समदं काळंच दिसतंय." त्यांनी गॉगल खाली ओढला. "आन् वाकलो न्हाई मी. बसलोय."

कधीपासून येताय म्हटल्यावर ते बोटांनी घोडीची आयाळ विंचरायला लागले. मग कळलं की दुपारी मी दिशाला भरवत असते तेव्हा, पहिल्या दिवसापासून, रोज. नातीने उपाशी म्हणून सांगितलं होतं, ते त्यांना बरोबर समजलं होतं. म्हणजे पैंजण भरली होती मामांच्या ओंजळीने. माझ्या आहारशास्त्राने एकटा वाटाणा भरला होता.

डॉक्टरांनी डोळा तपासला. सगळं ठीक आहे म्हणाले, तोवर माझी नखं संपली होती. गॉगल मात्र अजून ठेवायचाय आणि रान अजून बंदच आहे. मी आता पहिलं घमेलं वाटाण्याला टाकते, लांब टोकाला. तो त्यात तोंड घालतो आणि बाकीच्या दोघी शेजारणींसारख्या गप्पा मारत खातात. पैंजण तृप्त, मामा बाजेवर, मी निश्चिंत.

म्हणजे, होते. आत्ता मी चुलीपाशी बसलेय. दिशाच्या गालात घास आहे, मी उठले तर ती तो थुंकणार. इथून बाज दिसते, वर गोधडी आहे, गोधडीखाली माणसाएवढा उंचवटाही आहे. पण मघापासून तो घोरत नाहीये. तुम्ही रानाच्या अंगाने निघाला असाल तर जरा कुंपणापाशी डोकावा. मामा दिसले तर ओरडू नका, घोडी बुजेल. फक्त गॉगल डोळ्यावर आहे का, तेवढं बघा.