विहीणबाई आत

माझे व्याही अण्णासाहेब त्यांच्या मोटरहोममध्ये कुणालाही चपला घालून चढू देत नसत. गाडी म्हणजे घर, आणि घरात चपला घालून कोण फिरतं? त्यामुळे ऑस्ट्रेलियात जिथे म्हणून ती गाडी थांबे, तिथे सत्यनारायणाला जमावी तशी पायरीखाली चपलांची रांग लागे. अण्णा स्टिअरिंगवरही अनवाणीच बसत.

दुसरं वेड यादीचं. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. निघण्यापूर्वी एकेका वस्तूकडे बोट दाखवत मोठ्याने म्हणायचे, "गॅस बंद. फ्रिज बंद. खिडक्या बंद. विहीणबाई आत." खिडक्यांनंतर माझा नंबर. आमचे हे यादीत नसत, कारण ते मागच्या बिछान्यावरून उठलेलेच नसत.

ही गोष्ट स्कोफिल्ड्सहून वेरिबीला घरी परततानाची. अण्णांच्या धाकट्याची वास्तुशांत आटोपली, मुलंबाळं विमानाने पुढे गेली आणि आम्ही तीन म्हातारे वाटेत मुक्काम करत गाडीने यायचं ठरलं. विमानाला जाण्यापूर्वी माझ्या लेकीने, मधुराने, मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, अण्णा कसे चालवतात ते नुसतं बघ. तू सांगशील ते फायनल. जमत नसेल तर निखिल किल्ली काढून घेणारे."

निखिल म्हणजे माझा जावई, अण्णांचा थोरला.

मी तेव्हा एकसष्टची, म्हणजे तशी अजून कच्चीच. हेरगिरीचं काम मिळाल्याचा मला इतका आनंद झाला की मी खास वही घेतली. पहिली नोंद, 'इंडिकेटर उशिरा.' दुसरी, 'मेंढ्यांकडे बघतात.' मी स्वतःही मेंढ्यांकडेच बघत होते, ते लिहिलं नाही. समोर ट्रक आला की माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जाई. गोलबर्नपर्यंत पोटरीत गोळा आला. अण्णांनी विचारलं, तर सांधेदुखीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंडगाई गावाच्या पुढे एका झाडीतल्या थांब्यावर चहा केला. चहासाठी हेसुद्धा उतरले. यादी झाली, मी आत झाले, निघालो. चाळीस किलोमीटरवर डिझेल भरायला थांबलो. दार उघडलं, तर पायात घालायला काही नाही. आमच्या तिघांच्याही चपला तिकडे झाडाखाली राहिल्या होत्या.

मी आनंदाने वही उघडली. 'विसरतात.' खाली दोन रेघा.

मी म्हटलं, राहू देत, पुढच्या गावात नव्या घेऊ. अण्णांनी ऐकलं नाही. आपण नव्या चपला घालून उतरलो की मधुरा कारण विचारेल आणि त्याच दिवशी किल्ली जाईल, एवढंच म्हणाले आणि गाडी उलट दिशेला वळवली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण हेर मी होते ना.

ऊन उतरू लागलं होतं. ही वेळ कांगारूंची. अण्णांनी वेग कमी केला. मागून फक्त ह्यांचं घोरणं. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. एवढ्यात डावीकडच्या गवतातून एक कांगारू थेट समोर आला. मी डोळे मिटले आणि आहे नाही तेवढा जीव माझ्या ब्रेकवर घातला.

गाडी थांबली. डोळे उघडले तर कांगारू दोन हातांच्या अंतरावर उभा, आमच्याकडे बघतोय. अण्णांनी स्टिअरिंग जरासुद्धा वळवलं नव्हतं. सरळ रेषेत ब्रेक दाबला होता. वळवलं असतं तर आम्ही झाडावर असतो. मागे आमचे हे खाली पडून विचारत होते, आलं का वेरिबी?

अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"वही काढा, विहीणबाई," ते म्हणाले. "हात थरथरतात, तेही लिहा."

तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं. म्हणाले, पहिल्याच दिवशी. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पत्रा वाजतो.

मग समोर बघतच म्हणाले, "गाडीचं मला काही नाही हो. पण किल्ली गेली की फोन बंद होईल. अण्णा, क्लेटनला सोडता का. अण्णा, एअरपोर्टला येता का. तेवढेच फोन येतात मला."

मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. त्या वर्षभरात मी त्यांना कितीदा तरी फोन केला होता. प्रत्येक वेळी कुठेतरी सोडायला सांगायला.

थांब्यावर कुणा भल्या माणसाने तिन्ही जोड उचलून बाकावर ओळीने मांडून ठेवले होते. आम्ही ते उचलून गाडीत ठेवले आणि परत निघालो.

घरी मधुराला मी खरं तेच सांगितलं. चपला तिघेही विसरलो आणि कांगारूपुढे एकच माणूस शुद्धीवर होता. किल्ली राहिली. दरवर्षी डोळे तपासायचे, एवढी अट निखिलने घातली आणि अण्णांनी ती मानली.

त्या मंगळवारी मी त्यांना फोन केला. त्यांच्या युनिटपासून आमचं घर दोन गल्ल्यांवर.

"बोला विहीणबाई, कुठे सोडायचंय?"

"कुठेच नाही. चहाला या. चालत."

मग त्यांनी विचारलं,

"बरं. वाटेत कुणाला घ्यायचंय?"