पुंडलिकभाऊंची शिखर संस्था

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरी हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायला बसली, की आमच्या जानेफळात पुंडलिकभाऊ उभे राहायचे. गळ्यातली शिट्टी फुंकायचे, दोन्हीकडच्या करवल्यांना चार पावलं मागे सारायचे आणि विचारायचे, "हा खेळ संलग्न हाय काय?"

नसायचाच. मग वरबापाची अर्जावर सही, त्यावर भाऊंचा शिक्का, आणि मगच अंगठी पाण्यात पडायची. माझ्या लग्नात हिने तिन्ही वेळा अंगठी काढली. भाऊंनी तसा निकाल शिक्क्यासकट लिहून दिला आणि हिने तो अजून कपाटात जपून ठेवला आहे. भांडण रंगात आलं की बाहेर काढते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. पुंडलिकभाऊ कापसाच्या जिनिंगमधले कारकून. सरकीच्या पोत्यांवर नंबर टाकता टाकता लग्न करायचं राहून गेलेले. कुणीतरी त्यांना सांगितलं, की दिल्लीला सगळ्या खेळांच्या संघटनांची मिळून एक शिखर संस्था आहे. भाऊंना त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात. सकाळी ते माझ्या दारात हजर.

"मास्तर, कबड्डीवाला कबड्डी पाह्यते, कुस्तीवाला कुस्ती पाह्यते. पन या सगळ्याईले कोन पाह्यते?"

"कोण?"

"कोनीच नाई! म्हनून तं आपलं असं होऊन राह्यलं!"

आपलं काय होऊन राहिलं होतं ते मला कळलं नाही, पण आठवड्याभरात त्यांच्या घराबाहेरच्या लिंबावर पाटी लागली: जानेफळ पंचक्रोशी क्रीडा व करमणूक शिखर संस्था. सरचिटणीस अर्थात भाऊच.

मग संलग्न करायचा सपाटा सुरू झाला. कबड्डीचा संघ झाला, तालीम झाली. विहिरीत उड्या मारणाऱ्यांचं जलक्रीडा मंडळ झालं. पारावर पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांनी बरीच टाळाटाळ केली, तर भाऊ त्यांच्या डावात मध्येच शिट्टी फुंकू लागले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी सह्या केल्या.

संस्थेची घटना भाऊंनी स्वतः लिहिली होती. तिच्यातलं एक कलम सगळ्या गावाला पाठ झालं होतं, कारण भाऊ ते ऊठसूट ऐकवायचे. "पंचानं खेळाचं नाई, अन् खेळनाऱ्यानं पंच व्हाचं नाई!" खो-खोत एक गडी कमी पडला म्हणून पोरं त्यांचे पाय धरायची, पण भाऊ हलायचे नाहीत. आयुष्यात हा माणूस कुठलाच खेळ खेळला नव्हता.

संस्थेत एक अष्टाचंगा मंडळही होतं. गिरजाबाई आणि तिची शेजारीण अशा दोघी त्याच्या सभासद. पुढे शेजारीण मुलाकडे अकोल्याला निघून गेली. गिरजाबाईला मागेपुढे कुणी नव्हतं. मंडळात ती एकटीच उरली, तरी दर रविवारी दुपारी भाऊ वही घेऊन तिच्या ओसरीवर निरीक्षणाला जायचे. ती उजव्या हाताने चिंचोके टाकायची, मग डाव्या हाताने टाकायची, आणि आपल्याच सोंगट्या आपणच मारायची. भाऊ समोर दोन तास ताठ बसून वहीत लिहायचे: 'डावा हात विजयी.'

"एक डाव टाका नं, भाऊ," ती म्हणायची.

"कलम आडवं येते, बाई," भाऊ म्हणायचे आणि खाली बघायचे.

मी एकदोनदा हे पाहिलं आणि घरी येऊन पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

भाऊ मान्यतेसाठी दिल्लीला पत्रं पाठवतच होते; त्यांना एकदा अचानक उत्तर आलं. मान्यतेचा विचार करण्यासाठी नागपूरहून एक साहेब पाहणीला येणार होते. मान्यता मिळाली तर आमच्या कबड्डीच्या पोरांना राज्याच्या निवड चाचणीला जाता येणार होतं. पोरं महिनाभर पहाटे उठून मैदान झाडत होती.

साहेब एस.टी.ने आले. मैदान पाहिलं, तालीम पाहिली, विहिरीतल्या उड्याही पाहिल्या. मग शाळेच्या व्हरांड्यात बसून सभासदांची वही उघडली. पत्तेवाल्यांच्या नावांवरूनसुद्धा ते 'ही करमणूक' म्हणत, हसून पुढे गेले. अष्टाचंग्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"सभासद एक? एका माणसाचं कुठं मंडळ असतं का? किमान दोन तरी हवेत. हे नाव खोडा, मी आत्ता शिफारस लिहितो."

भाऊंनी पेन उघडलं. कबड्डीची सगळी पोरं श्वास धरून उभी. मी भाऊंच्या कानाशी लागलो, "खोडा हो. तिला कुठं वाचता येतं?"

भाऊ गर्रकन माझ्याकडे वळले.

"खोडलं तं रविवारी कोन्या तोंडानं जाऊ बे मी तिच्याकडे?"

आणि त्यांनी खोडलं नाही. कोरा कागद ओढून राजीनामा लिहिला. सरचिटणीसपदाचा. मग वहीत गिरजाबाईच्या नावाखाली सावकाश लिहिलं: पुंडलिक, सभासद क्रमांक दोन. शिट्टी गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली, शिक्का माझ्या हातात दिला, कारण साऱ्या गावात कुठल्याच मंडळात नसलेला मी एकटा उरलो होतो.

साहेबांनी शिफारस लिहिली. पोरं नाचत होती. भाऊ मात्र पाटी काढून घेतलेल्या लिंबासारखे रिकामे दिसत होते.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन निरीक्षणाला गेलो. ओसरीवर दोघं समोरासमोर बसले होते. गिरजाबाई तावातावाने सांगत होती, "चंगा पडला, भाऊ, चंगा! आता चाला!" आणि भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा खेळणारे भाऊ, दान टाकताना कानापर्यंत लाल झाले होते.

ती पाणी प्यायला उठली. तिची पाठ वळताच भाऊंनी झटकन हात पुढे केला आणि जिंकायला आलेली आपली सोंगटी दोन घरं मागे सारली. मग त्यांना मी दिसलो. शिट्टी माझ्या गळ्यात होती. भाऊंचा चेहरा चोरी सापडल्यासारखा पडला.

गिरजाबाई आली, दान टाकलं आणि भाऊंची ती सोंगटी मारून लहान पोरीसारखी टाळ्या पिटत हसली.

मी वहीत लिहिलं: 'सभासद क्रमांक एक विजयी. गैरप्रकार आढळला नाही.' आणि शिक्का मारला.