शेवटचा हात कोणाचा?

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ट्यूब गेली की लोक नवी ट्यूब आणतात. शिगवण खुर्चीत बसून विचारतात, "शेवटचा हात कोणाचा?"

शिगवण आमचे समोरचे शेजारी. दोन हजार पाचच्या आसपास भाईंदरच्याच एका कारखान्यात लोखंडी खुर्च्यांना वेल्डिंग करणारा रोबो आला, त्याची देखभाल यांच्याकडे. रोबो अडला की शेठ ओरडायचा, "कार्ड बदलो, मोटर बदलो." शिगवण शांत. आधी, लास्ट हाथ किसका? म्हणजे बिघडायच्या आधी शेवटचा हात कोणी लावला. मग केबल, मग सेन्सर, मग मोटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, नाही जमलं तर होती तशी ठेवायची. एकदा वेल्डिंगचे टाके तिरके पडायला लागले. परदेशातून माणूस बोलवायच्या गोष्टी चालल्या होत्या. शिगवणांनी हात शोधला. झाडू मारणाऱ्याने खुर्ची धरणारा साचा बोटभर सरकवला होता.

हीच विद्या ते घरी आणत. चहा बिघडला की दूध तेच ठेवून पावडर बदलत. आम्ही मजा बघत असू.

एका रविवारी रत्नागिरीहून शिगवणांच्या सासूबाई आल्या आणि नेमकी शिगवणवहिनींची घावनं बिडाच्या तव्याला चिकटून फाटायला लागली. शिगवण उठले. पीठ तपासलं, पाणी तपासलं, गॅस तपासला आणि सासूबाईंसमोर निकाल दिला, "सामान ओके. चूक करणाऱ्याची."

वहिनींनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

शिगवणांनी दुरुस्ती हाती घेतली. एक दिवस गजरा. शांतता. गजरा बंद, भांडी घासली. शांतता. शेवटी आमच्याकडे येऊन बसले, दार उघडं ठेवून.

"काय हो?"

"आता घरातून स्वतःला काढून बघतोय, सावंत."

थोड्या वेळाने समोरून वहिनींचं खळखळून हसणं ऐकू आलं. फोनवर बहीण असावी. शिगवणांची मान खाली गेली. मला दया यायला हवी होती, पण अशी संधी पुन्हा कुठली?

"शिगवण, तव्याला शेवटचा हात कोणाचा?"

त्यांचे कान लाल झाले. नेमका तोच प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला होता. सासूबाई येणार, तवा काळा दिसतो, म्हणून आदल्या दिवशी शिगवणांनीच कारखान्यातल्या तारेच्या ब्रशने तो चकचकीत केला होता. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल सगळं खरवडून काढलं होतं.

खिशात किल्ली असून त्यांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली. "हात माझा होता," लादीकडे बघत म्हणाले.

"माहितीये," वहिनी म्हणाल्या. "ओरखडे काय मला दिसले नाहीत? आईला काय सांगणार होते, जावयाने तवा खरवडला?"

शिगवण आणखीच बारीक झाले. "आईंना फोन लावून दे. मी सांगतो."

तवा पुन्हा मुरेपर्यंत बरीच घावनं फाटली. चांगलं निघालेलं वहिनींच्या ताटात जायचं, फाटकी शिगवण खायचे. आणि कोणी काही विचारायच्या आधीच, तोंडात घास असताना म्हणायचे, "हात माझा."